तो हजरजबाबी, ती तोंडाळ



आज एक छोटा खेळ खेळूया. हातातलं काम चालू राहू द्या, उत्तर मनातल्या मनात दिलं तरी चालेल. एखादा पुरुष घरात, कचेरीत किंवा लग्नाच्या पंगतीत पटापट विनोद करतो, समोरच्याची फिरकी घेतो. त्याला आपण काय म्हणतो? हजरजबाबी. मिश्कील. दिलखुलास. आणि फारच आवडला तर 'वल्ली आहे हो!'

आता तोच विनोद, त्याच शब्दांत, एखाद्या बाईने केला. तिला काय म्हणतात? आगाऊ. तोंडाळ. थिल्लर. आणि ती सून असेल, तर मागच्या खोलीतून हमखास ऐकू येतं, 'जरा जास्तच बोलते.'

विनोद एकच, मग शब्द दोन का? विनोदाच्या या दोन मापांबद्दल आज बोलायचं आहे.

आधी भाषेकडेच बघा. 'वल्ली' हा शब्द पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'मुळे घरोघर गेला. पुस्तक आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं आहे, पण त्यातली माणसं आठवून पाहा. नारायण, हरितात्या, सखाराम गटणे, नंदा प्रधान, चितळे मास्तर, अंतू बर्वा. जवळजवळ सगळे पुरुष. तमाशात 'सोंगाड्या' असतो, संस्कृत नाटकात 'विदूषक' असतो. या शब्दांचं स्त्रीलिंग तुम्ही कधी कुणाच्या तोंडून ऐकलं आहे का? शब्दच नाही, कारण ती जागाच बाईसाठी ठेवलेली नव्हती.

बाईला विनोदात जागाच नव्हती असं मात्र नाही. तीन जागा होत्या. पहिली, तिच्यावर विनोद करायचा. दुसरी, तिने समोर बसून हसायचं. तिसरी जागा सगळ्यात गमतीची आहे. बाई दाखवायची, पण साडी पुरुषाने नेसायची.

आपल्या भागातली तीन नाट्यगृहं घ्या. ठाण्यात तलावपाळीला गडकरी रंगायतन, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले यांच्या नावाचं नाट्यगृह. पहिली दोन नावं मराठीतल्या दोन मोठ्या विनोदकारांची आहेत.

राम गणेश गडकरी 'बाळकराम' या टोपणनावाने विनोदी लेख लिहीत. त्यात ठकी नावाच्या मुलीला स्थळ शोधण्याची मोहीम आहे. लग्न ठकीचं, पण धावपळ, फजिती आणि बोलणं सगळं पुरुषांचं. अत्र्यांचं 'मोरूची मावशी' हे नाटक 'चार्लीज आंट' या १८९२च्या इंग्रजी प्रहसनावर बेतलेलं आहे. त्यातली मावशी म्हणजे साडी नेसलेला पुरुष. १९८०च्या दशकात विजय चव्हाणांनी ही मावशी अशी काही रंगवली, की आजही नाटकाचं नाव काढलं तरी माणसं हसायला लागतात. ते कसब खरंच मोठं होतं, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच आहे, की मावशीचं काम एखाद्या बाईनेच केलं असतं, तेच हावभाव, तोच पदराशी चाललेला खेळ आणि तीच लगट दाखवली असती, तर प्रेक्षक तसेच हसले असते का?

आपल्याला उत्तर माहीत आहे. पुरुष साडी नेसून कितीही वाह्यात वागला, तरी पडदा पडल्यावर तो साडी सोडतो आणि पँट घालून घरी जातो. त्याची अब्रू त्या साडीला बांधलेली नसते. बाईने तेच केलं, तर पडदा पडल्यावरही लोक तिला त्याच नजरेने बघतात. 'नाटकात तशी, म्हणजे घरीही तशीच असेल.' पुरुषाचं सोंग हे सोंग असतं आणि बाईचं सोंग हा तिचा स्वभाव ठरतो. आजच्या विषयाची गाठ इथेच आहे.

ही गाठ जुनी आहे. रंगभूमीवर येणारी बाई चांगल्या घरची नसते, असं समाज मानत होता, म्हणून बाईची कामं पुरुष करत. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके. बालगंधर्वांची शालीन नायिका तर बायकांनी नेसण्या-माळण्यासाठी नमुना म्हणून पाहिली. पुढे फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात बायकांनी बायकांची कामं केली. गंभीर नाटकातली नायिका हळूहळू बाईच्या हाती आली. हसवणारी बाई मात्र बराच काळ साडीतल्या पुरुषाकडेच राहिली. तमाशातल्या गवळणीतही गवळणी बायका, पण त्यांना घेऊन निघालेली, सगळ्यात जास्त टाळ्या घेणारी मावशी बहुधा पुरुषच.

मग आपल्या आज्या-पणज्यांना विनोद येत नव्हता का? मैत्रिणींनो, भोंडला आठवा. हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून म्हणायच्या गाण्यांत सासरच्या माणसांची काय काय थट्टा आहे! लाडवांना चेंडू समजून खेळत बसणारा तो वेडा नवरा आठवतो? आज मोबाइलवर बायकोच्या मूर्खपणाचे विनोद फिरतात, तसा हा नवऱ्याच्या मूर्खपणाचा विनोद, आणि तो कितीतरी जुना. मंगळागौरीचे खेळ, लग्नातली विहिणीची गाणी, चिमटा काढणारे उखाणे यांत आपल्या बायका चांगल्याच धारदार होत्या. एकनाथांनी भारुडात सासरच्या एकेका माणसाची ब्याद टळावी म्हणून देवीला साकडं घालणारी सून आणली. त्यात अध्यात्माचा अर्थ आहेच, पण ऐकणाऱ्या सुनांना पहिला अर्थ कोणता भिडत असेल, ते सांगायला नको.

म्हणजे विनोद होता, पण दाराच्या आत होता. अंगणात, माजघरात, बायकांपुढे. आजही कल्याण-डोंबिवलीहून निघालेल्या लोकलच्या बायकांच्या डब्यात बसा. साहेबाची नक्कल, सासूची नक्कल, स्वतःच्या धांदलीची नक्कल, सगळं ठाण्यापर्यंत ऐकायला मिळेल. पोट धरून हसायला लावणारी तीच बाई कचेरीत पोचली की गप्प होते. ती तिथे का गप्प होते? तिची विनोदबुद्धी गाडीत राहत नाही. कुठे किती बोललेलं चालतं, याचा हिशोब तिने लहानपणापासून शिकलेला असतो. 'फिदीफिदी हसू नकोस', 'दात काढू नकोस', 'मुलीच्या जातीला शोभत नाही' या शिकवणीतून तो हिशोब पक्का होतो.

दाराबाहेर हसलं की काय होतं, याची एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला, द्रौपदी हसली, 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' म्हणाली आणि म्हणून महाभारत घडलं. बाईचं हसणं किती महाग पडतं, हे सांगायला ही गोष्ट पिढ्यानपिढ्या वापरली गेली. पण व्यासांच्या महाभारतात त्या प्रसंगाचं वर्णन येतं तेव्हा भीम हसतो, त्याचे भाऊ हसतात, नोकरचाकर हसतात. द्रौपदी आणि इतर बायका हसल्या, हे दुर्योधन नंतर वडिलांकडे तक्रार करताना सांगतो. आणि 'आंधळ्याचा मुलगा' हे वाक्य तर संशोधित मूळ संहितेत नाहीच. म्हणजे हसले सगळे आणि दोष राहिला एकटीच्या पदरात. ज्या वाक्यासाठी तो आला, तेही तिच्या तोंडी नंतरच्यांनी घातलं.

गोष्टीतून इतिहासात येऊ. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे छोटं पुस्तक लिहिलं. सुरतेच्या एका विधवेवरच्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीला दूषणं दिली जात होती. ताराबाईंनी एकेक दूषण घेतलं आणि पुरुषांनाच उलट विचारलं, की हे तुमच्यात नाही का? पुस्तकात संताप आहे, तसा बोचरा उपरोधही आहे. आज ज्याला आपण दुटप्पीपणा म्हणतो, तो त्यांनी त्या काळी आरशासारखा समोर धरला. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला मिळालं नाही.

आणि एक उलट उदाहरण. १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे भाग पुस्तकरूपाने येऊ लागले. सोवळ्याच्या अतिरेकापायी घराला जेरीस आणणारे वडील, लहरी कवी नवरा, स्वतःचं अडाणीपण, अशा सगळ्यांकडे लक्ष्मीबाई हसून बघतात, आणि त्या हसण्यात कुणाविषयी विष नाही. फारसं शिक्षण न मिळालेल्या या बाईचं पुस्तक मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांमध्ये मोजलं जातं. बाईने घरातली गोष्ट चारचौघांत हसत सांगितली म्हणून घर मोडत नाही, याचा याहून चांगला पुरावा शोधायला नको.

आता आजच्या काळात येऊ. चित्र बदललं आहे, हे आनंदाने मान्य करायला हवं. निर्मिती सावंतांनी 'कुमारी गंगूबाई नॉन मॅट्रिक' ही मालिका स्वतःच्या नावावर चालवून दाखवली. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात, शिवाली परब यांनी प्रहसनं खांद्यावर पेलली. शिवालीला तर 'कल्याणची चुलबुली' म्हणूनच ओळख मिळाली. टायमिंग बायकांना जमत नाही, असं आता कुणी म्हणू शकणार नाही.

पण थोडं बारकाईने बघूया. 'चला हवा येऊ द्या' २०१४ मध्ये सुरू झालं, तेव्हा मुख्य चमूत श्रेया बुगडे ही एकच बाई होती, आणि बाकीच्या बायका बऱ्याचदा साडी नेसलेले पुरुषच असत. हिंदीत कपिल शर्माच्या कार्यक्रमातली दादी आणि गुत्थीही पुरुषच होते. जिथे खरी बाई विनोद करते, तिथे संहितेत पहिली थट्टा कशाची येते? तिच्या जाडीची, रंगाची, वयाची, लग्न न ठरण्याची. पुरुष कलाकाराच्या पोटावर विनोद होत नाही असं नाही, पण त्याच्याकडे त्याखेरीज दहा विषय असतात. बाईला हसवायचं असेल, तर आधी स्वतःच्या शरीरावर हसू द्यावं लागतं, जणू आत शिरायचं तिकीटच.

जानेवारी २०२१ मध्ये वनिता खरातने आपल्या शरीराचा संकोच न बाळगता एक धीट छायाचित्र काढून घेतलं. कौतुक झालं, तशीच कडवट टीकाही झाली. छायाचित्र कुणाला आवडो न आवडो, पण एक प्रश्न विचारावासा वाटतो. जाड बाईच्या शरीरावर दुसऱ्याने विनोद केला की घर हसतं, आणि तिने स्वतः 'मला माझं शरीर मान्य आहे' म्हटलं की तेच घर लाजतं. यात गैर काय आहे, शरीर की तिने स्वतः बोलणं?

कुणी म्हणेल, हे सगळं आपल्या मनाचे खेळ आहेत. तर याची रीतसर तपासणीही झाली आहे. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुकानाचा मॅनेजर भाषण करतो आहे, असे व्हिडिओ बनवले. काहींत मॅनेजर पुरुष, काहींत बाई. काही भाषणांत विनोद पेरलेले, काहींत नाहीत. शब्द मात्र दोघांना सारखेच. दोनशेहून जास्त लोकांनी त्यांना गुण दिले. विनोद करणारा पुरुष विनोद न करणाऱ्या पुरुषापेक्षा वरचढ वाटला. बाईच्या बाबतीत नेमकं उलटं झालं, विनोद केल्याने तिची पत घसरली. त्याने केलेला विनोद कामाचा ताण हलका करणारा वाटला आणि तिने केलेला तोच विनोद कामात व्यत्यय आणणारा.

त्याआधी, २०११ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथे विद्यार्थ्यांकडून व्यंगचित्रांखाली मजेशीर ओळी लिहून घेतल्या. कुणी लिहिलं हे न सांगता इतरांकडून त्यांना गुण मिळवले. मुलग्यांना मुलींपेक्षा जास्त मिळालेले गुण पाचातून जेमतेम ०.११ होते. पण नंतर 'ही ओळ कुणाची असेल?' असं विचारल्यावर मजेदार ओळी लोकांनी मुलग्यांच्या नावावर टाकल्या आणि फसलेल्या मुलींच्या. म्हणजे बाईने केलेला चांगला विनोद आपल्या आठवणीत पुरुषाच्या खात्यावर जमा होतो. कचेरीत तुम्ही म्हटलेलं वाक्य पाच मिनिटांनी शेजारच्याने म्हटलं आणि तेव्हा सगळे हसले, असं तुमच्याही बाबतीत झालं असेल. ते का होतं, याचं उत्तर इथे आहे.

यात नुकसान कुणाचं होतं? कामाच्या जागी विनोद ही छोटी सत्ता असते. बैठकीत ज्याच्या बोलण्यावर माणसं हसतात, त्याचं पुढचं वाक्य नीट ऐकलं जातं. ती सत्ता अर्ध्या माणसांना वापरताच येत नसेल, तर बढतीपासून पगारापर्यंत त्याची किंमत त्या चुकवतात. घरात जिला कुणाची थट्टा करता येत नाही, तिला 'हे चुकतंय' असं सौम्यपणे सांगण्याचा एक मार्ग बंद होतो. मग उरतं रडणं, नाहीतर भांडण. त्यालाही नावं ठेवायला लोक तयारच असतात.

आणि किंमत कधीकधी याहून भयंकर असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत चित्रित झालेल्या 'इंडियाज गॉट लेटेंट' या कार्यक्रमावरून वादळ उठलं. रणवीर अलाहबादिया या पाहुण्याने स्पर्धकाला अत्यंत हीन प्रश्न विचारला होता. त्याच मंचावर बसलेल्या अपूर्वा मखीजानेही शिवराळ भाषा वापरली होती. दोघांचंही बोलणं तुम्हाला मुळीच आवडलं नसेल, तरी हरकत नाही. पुढे काय झालं ते पाहा. दोघांनाही धमक्या आल्या. त्याने सांगितलं, की जीवे मारण्याच्या धमक्या येत आहेत. तिने पुढे जाहीर केलेल्या संदेशांत बलात्काराच्या आणि ॲसिड हल्ल्याच्या धमक्या होत्या. जीव घेण्याची धमकी कुणालाही दिली, तरी गुन्हाच आहे. पण पुरुषावर राग आला की लोक त्याच्या बोलण्याचा हिशोब मागतात, आणि बाईवर आला की तिच्या शरीराचा. अशी धमकी तुमच्या मुलीला कधी आली, तर संदेश पुसून टाकू नका, जपून ठेवा आणि पोलिसांकडे जा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बायका आणि मुलांविषयीच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे.

आता एक आक्षेप नक्की येईल. 'अहो, विनोद आहे, हलकं घ्या. नवऱ्यावरही विनोद होतात की!' होतात, आणि व्हावेत. विनोद बंद करा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. हसल्याशिवाय संसार ओढणं कठीण आहे. म्हणणं एवढंच, की माप एक ठेवा.

ते कसं ठेवायचं? मोठं काही करायला नको. मोबाइलवर बायकोचा विनोद आला, तर पुढे पाठवण्याआधी 'बायको'च्या जागी 'नवरा' घालून वाचा. तेव्हाही हसू आलं, तर विनोद चांगला आहे, खुशाल पाठवा. नाही आलं, तर आपण विनोदाला नाही, बाईला हसत होतो.

सोसायटीचा गणपती असो, संक्रांतीचं हळदीकुंकू असो की ८ मार्चचा कार्यक्रम असो, बायकांसाठी रांगोळी, पाककृती आणि उखाणा एवढंच ठेवू नका. नकला ठेवा, प्रहसन ठेवा, आणि ते पुरुषांसमोरही होऊ द्या. साडी नेसून नाचणाऱ्या काकांना टाळ्या मिळतातच. त्यांच्यानंतर एखाद्या काकूंना धोतर नेसून सोसायटीच्या सेक्रेटरीची नक्कल करू द्या. बघा काय धमाल येते.

कचेरीत मैत्रिणीचा विनोद दुसऱ्याने उचलला, तर हसतच सांगा, 'हे आधी ती म्हणाली होती.' आणि घरात लेक काही मजेदार बोलली की आधी हसा. शोभतं की नाही, ते तिला शिकवायला बाहेर पुष्कळ लोक बसले आहेत. हसणारं एक घर तरी तिला मिळू द्या.

डोंबिवलीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, त्या सावित्रीबाई शाळेत शिकवायला जात, तेव्हा लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकत. बाईने चारचौघांत तोंड उघडायचं नाही, हाच तेव्हाचा नियम होता. शिकण्या-शिकवण्यापुरता तो नियम आपण मोडला. हसवण्यापुरता मोडायचं काम अजून बाकी आहे.

तुमच्या आईची, आजीची किंवा डब्यातल्या मैत्रिणीची एखादी खास फिरकी आठवत असेल, तर ती आज घरात सगळ्यांना सांगा. आणि ती तिची आहे, हेही सांगा.